दवाखान्याचे दार आणि वाट

आमचे उचगाव कोल्हापूरला खेटून असल्याने दवाखाना जवळ. पण जवळचे दारही एके काळी सर्वांना उघडे नव्हते. १९१९ साली राजर्षी शाहू महाराजांनी सरकारी दवाखान्यांत अस्पृश्य रुग्णांना समतेने वागविण्याचा हुकूम काढला. दार उघडले, पण वाटेचे काय? म्हणूनच सरकारी निकषानुसार सपाटीवर ५००० वस्तीमागे एक आरोग्य उपकेंद्र, तर डोंगराळ व आदिवासी भागात ३००० मागे. साहजिकच तेथे माणशी खर्च अधिक. काहींना हा पक्षपात वाटतो. मला वाटत नाही. दलित वस्तीतील नळ-गटारींसाठी वेगळा निधी लागतो, कारण ती वस्तीच गावाबाहेर ढकललेली होती आणि रोगराई तिथेच आधी शिरे. मित्रहो, ज्याची वाट लांब, त्याची शिदोरी मोठी हवी!