शालेय बँड पथक: ठोका, श्वास आणि शाळेचे वर्ष

नवी मुंबईतील ज्या माध्यमिक शाळांत बँड पथक आहे, तेथे ते लोकांच्या नजरेस वर्षातून तीन-चार वेळाच पडते: १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या ध्वजवंदनाला, डिसेंबरच्या आसपास होणाऱ्या क्रीडामहोत्सवातील संचलनात, आणि क्वचित एखाद्या पाहुण्यांच्या स्वागताला. पालकांच्या मनात पथकाची प्रतिमा त्यामुळे गणवेशाची बनते. पांढरे हातमोजे, खांद्यावरची झालर, डोक्यावरचा तुरा आणि सर्वांत पुढे दंड फिरवीत चालणारा बँड मेजर. प्रत्यक्षात पथक म्हणजे या चार प्रसंगांमागे उभे असलेले, आठवड्यातून दोन-तीनदा शाळा भरण्यापूर्वी किंवा सुटल्यानंतर चालणारे शिक्षण असते, आणि मूल पथकात गेल्याने त्याला काय मिळेल, किती वेळ द्यावा लागेल, काय सोसावे लागेल, या प्रश्नांची उत्तरे त्या सरावातच शोधावी लागतात.

शालेय बँडचा उगम लष्करी आहे. पलटणींना एका गतीने चालवण्यासाठी ढोल आणि इशारे देण्यासाठी बिगुल ही योजना ब्रिटिश अमलात हिंदुस्थानात रुजली, आणि स्काउट-गाईड चळवळ, १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेली राष्ट्रीय छात्रसेना आणि शाळांची स्वतःची संचलने यांच्यामार्फत ती शाळेच्या मैदानात उतरली. गोव्यात याला दुसरा झरा मिळाला. तेथील चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवले जात असे, आणि त्या शाळांत तयार झालेले गोमंतकीय वादक पुढे मुंबईतील पोलीस बँडपासून चित्रपटांच्या वाद्यवृंदांपर्यंत पोहोचले. अमेरिकेत मात्र या गोष्टीने निराळे वळण घेतले. पहिल्या महायुद्धानंतर तेथे शालेय बँड झपाट्याने वाढले, १९२३ मध्ये शिकागो येथे वाद्ये बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय पातळीवरची शालेय बँड स्पर्धा भरली, आणि आज तेथील हायस्कूलमध्ये बँड हा वेळापत्रकातला, श्रेयांक मिळणारा विषय असतो. नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांतील मुले बँडच्या तासाला जातात, तर नवी मुंबईतील त्यांची आतेमामे भावंडे त्याच वयात बँडसाठी तासाबाहेरचा वेळ काढतात. दोन्हीकडच्या अनुभवात जो फरक पडतो, त्याचे मूळ बहुतांशी या एका गोष्टीत आहे.

आपल्याकडच्या पथकाचा सांगाडा तालवाद्यांचा असतो. साइड ड्रम हा कमरेला एका बाजूस टांगून दोन काठ्यांनी वाजवायचा लहान ढोल. त्याच्या खालच्या पुडीला लागून ताणलेल्या तारांमुळे त्याचा आवाज तडतडीत आणि नेमका येतो. बेस ड्रम छातीसमोर आडवा धरला जातो आणि त्याच्या दोन्ही पुड्यांवर पडणारे खोल ठोके साऱ्या पथकाचे पाऊल ठरवतात, म्हणून या वाद्यासाठी नुसता अंगापिंडाने मजबूत नव्हे, तर न घाबरणारा विद्यार्थी निवडला पाहिजे. साइड ड्रमवर एक जण चुकला तर बाकीचे त्याला झाकून घेतात, बेस ड्रम चुकला तर पथकाचे पायच चुकतात. झांज आणि टेनर ड्रम या सांगाड्यात भर घालतात. सुरांसाठी सर्वांत स्वस्त आणि म्हणून सर्वांत प्रचलित वाद्य बासरी. त्याहून मोठा आवाज हवा असेल तर बिगुल, आणि शाळेची ऐपत व शिक्षकाची तयारी असेल तर ट्रम्पेट, युफोनियम, क्लॅरिनेट.

बिगुल आणि ट्रम्पेट यांतील भेद पालकांनी समजून घ्यावा असा आहे, कारण पथक काय वाजवू शकेल हे त्यावरच ठरते. बिगुलाला कळ नसते. नळीची लांबी कायम राहते आणि वादक केवळ ओठांचा ताण बदलून स्वर काढतो, त्यामुळे त्याला षड्ज, गंधार आणि पंचम यांच्याच खालच्या-वरच्या जागा मिळतात. एवढ्या स्वरांत इशारे आणि सलामी उत्तम वाजतात, राष्ट्रगीत वाजू शकत नाही. ट्रम्पेटला तीन कळा असतात; पहिली दाबल्यावर स्वर एका पूर्ण स्वराने, दुसरी दाबल्यावर अर्ध्या स्वराने आणि तिसरी दाबल्यावर दीड स्वराने उतरतो, आणि या तिघींच्या जोडणीतून सप्तकातील सगळे बारा स्वर हाती येतात. परंतु कळ दाबली म्हणजे स्वर आला असे होत नाही. ओठ, श्वास आणि कान यांचे जुळेपर्यंत पहिले काही महिने घरात जे ऐकू येते त्याला संगीत म्हणणे कठीण असते, आणि याच काळात पुष्कळ मुले वाद्य सोडतात. घरच्यांनी या काळात धीर दिला तर मूल पुढे जाते, हे निःसंकोच सांगायला हवे. दातांना तारा लावलेल्या मुलांना ट्रम्पेटचा माउथपीस ओठांवर दाबताना त्रास होतो, आणि तारा लावण्याचे नेमके वय बारा ते चौदा हेच असल्याने वाद्य निवडण्यापूर्वी शिक्षकाशी आणि दंतवैद्याशी बोलणे शहाणपणाचे ठरते.

वाजवणे आले तरी चालत वाजवणे निराळे शिकावे लागते. तेज चालीच्या संचलनात मिनिटाला सुमारे १२० पावले आणि प्रत्येक पाऊल सुमारे ३० इंचांचे, असे माप छात्रसेनेच्या कवायतीत असते. म्हणजे ठोका दर अर्ध्या सेकंदाला पडतो. आवाज हवेतून सेकंदाला जेमतेम ३४० मीटर जातो, तेव्हा संचलनाच्या शेवटच्या रांगेत, ३४ मीटर मागे असलेल्या मुलाला ढोलाचा ठोका एक दशांश सेकंद उशिरा, म्हणजे एका पावलाच्या पाचव्या भागाइतका मागाहून ऐकू येतो, आणि त्याने कानावर भरवसा ठेवून पाऊल टाकले तर रांग मागे पडते. म्हणून बँड मेजरचा दंड असतो. तो शोभेसाठी फिरत नाही, तर डोळ्यांना ठोका दाखवतो, कारण प्रकाशाला उशीर होत नाही. नवी मुंबईतील अनेक शाळांच्या इमारती पटांगणाला तीन बाजूंनी वेढून उभ्या आहेत, त्यामुळे भिंतींवरून परतणारा ठोका दुसऱ्या ठोक्याचा भास निर्माण करतो आणि सरावाच्या पहिल्या आठवड्यांत नवे विद्यार्थी हमखास गोंधळतात. वळण घेताना आतल्या बाजूच्या मुलाने जवळजवळ जागेवरच कदमताल करायचा, बाहेरच्याने लांब ढांगा टाकायच्या, आणि दोघांनीही वाजवणे थांबवायचे नाही. आपले काम चोख करतानाच दुसऱ्यासाठी आपली ढांग आखूड किंवा लांब करण्याची ही सवय शाळेतील दुसऱ्या कोणत्याही तासाला इतक्या थेटपणे लागत नाही, आणि पथकाचे खरे मोल येथे आहे.

शाळेचे वर्ष जूनच्या मध्यात सुरू होते आणि पथकापुढचा पहिला मोठा दिवस दोनच महिन्यांनी, ऐन पावसाळ्यात येतो. मैदान चिखलाने भरलेले, सभागृह मिळालेच तर इतर कार्यक्रमांबरोबर वाटून घेतलेले, आणि व्हरांड्यात वाजवावे तर वर्ग चालू, अशा अडचणीत जून-जुलैचा सराव होतो. खाडीकाठच्या दमट हवेत चामड्याची पुडी सैल पडते, म्हणून शाळा आता प्लास्टिकच्या पुड्या वापरतात. पितळी वाद्यांत श्वासाची वाफ साचते, ती झटकून न टाकल्यास कळा अडकतात आणि आतून हिरवट गंज चढतो. वाद्य पुसून, कळांना तेल देऊन पेटीत ठेवण्याचे काम विद्यार्थ्याने स्वतः करावे, शिपायावर सोपवू नये, असा नियम जेथे पाळला जातो तेथे वाद्ये वर्षानुवर्षे टिकतात.

ध्वजवंदनाच्या दिवशी पथकाकडून जे एक वादन निर्दोष अपेक्षित असते ते राष्ट्रगीताचे. त्यासाठी केंद्र सरकारचे स्पष्ट निर्देश आहेत: पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागावेत, आणि बँड ते वाजवणार असेल तर आधी ढोलांचा रोल व्हावा, म्हणजे काठ्यांचे ठोके इतके जलद पडावेत की एकच सलग आवाज ऐकू यावा. हा रोल संथ चालीच्या सात पावलांइतका चालतो. तो हळू सुरू होतो, चढत जातो, पुन्हा उतरतो पण सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू येत राहतो, आणि त्यानंतर एका ठोक्याची विश्रांती घेऊन गीताला आरंभ होतो. हलक्या हाताने सुरू करून आवाज समान वेगाने चढवणे साइड ड्रमवरील अत्यंत अवघड कामांपैकी आहे. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत म्हणून लागू झाल्यावर शाळांत त्याचाही समावेश झाला. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांचे संगीत आणि शाहीर साबळे यांचा आवाज यांनी घरोघरी पोहोचलेले हे गीत पथकाने बसवणे स्वाभाविक आहे, मात्र त्याचा जोम गायकीचा असल्याने नुसत्या बासऱ्यांवर तो उतरवताना चांगल्या शिक्षकाचा कस लागतो.

आवाजाचा प्रश्न दोन्ही अंगांनी विचारात घ्यायला हवा. सिडकोने आखलेल्या वसाहतींत शाळा आणि गृहसंकुले भिंतीला भिंत लागून आहेत, आणि २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. सराव सकाळी फार लवकर किंवा रविवारी दुपारी न ठेवणे, आणि परीक्षांच्या दिवसांत सरावपॅडवर, म्हणजे रबराच्या जाड चकतीवर, काठ्या चालवणे हे शेजारधर्माला धरून होते. त्याहून कमी बोलले जाते ते मुलांच्या कानांविषयी. प्रौढ कामगारांसाठी सुचवलेली सुरक्षित मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे आणि दर तीन डेसिबलमागे तो अवधी निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे उरतात, आणि बंद सभागृहातील ढोलांचा आवाज ही पातळी सहज गाठतो. गणवेशाच्या झालरीवर खर्च करणाऱ्या शाळेने प्रत्येक ढोलवादकाला कानातील बोळे द्यावेत, अशी मागणी पालकसभेत आग्रहाने झाली पाहिजे.

पथकाची सर्वांत मोठी उणीव शिक्षकाची असते. अनेक शाळांत ही जबाबदारी क्रीडाशिक्षकाकडे जाते. तो कवायत उत्तम घेतो, परंतु स्वर शिकवणे हे त्याचे क्षेत्र नसते, आणि मग मुले बोटांच्या जागा पाठ करून तीन-चार चाली वाजवतात व नववीअखेर पथक सोडताना एकही नवी चाल स्वतः वाचू शकत नाहीत. वास्तविक या शहरात वादकांची वाण नाही. करावे, दिवाळे, घणसोली यांसारख्या मूळ आगरी-कोळी गावांत हळदीला आणि लग्नाला ब्रास बँड व बेंजो वाजतो, आणि तो वाजवणाऱ्यांपैकी अनेकांचा कान कोणत्याही पदवीधराला हेवा वाटावा असा तयार असतो. वाशीतच अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे केंद्र आहे. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून संगीत वर्गात बसून, लिपीच्या आधारे शिकता येते हे दाखवून देणाऱ्या विष्णु दिगंबर पलुस्करांचा वारसा ते चालवते. गावठाणातील ट्रम्पेटवादक आणि लिपी शिकवणारा संगीतशिक्षक या दोघांना आठवड्यातून एकेक तास बोलावणे कोणत्याही शाळेच्या आवाक्यातले आहे, आणि ते न होण्याचे कारण पैशापेक्षा मानाचे आहे. लग्नात वाजवणाऱ्याला शाळा गुरू मानायला कचरते.

गुणांच्या आशेने पथकात जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, राज्य मंडळाच्या दहावीला शास्त्रीय कलांच्या मान्यताप्राप्त परीक्षांसाठी वाढीव गुणांची सोय असली, तरी पथकातील नुसत्या सहभागावर तसे गुण मिळतील असे धरून चालू नये. दहावीचे वर्ष सुरू होताच बहुतेक विद्यार्थी पथकाबाहेर पडतात, त्यामुळे पथकाचा कणा दरवर्षी नववीपाशी मोडतो आणि सातवीच्या मुलांना आठवीच्या मुलांनी शिकवण्याची पद्धत जेथे आहे तेच पथक टिकते. प्रजासत्ताक दिनानिमित्त केंद्रीय शिक्षण आणि संरक्षण मंत्रालयांतर्फे होणाऱ्या राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धेत मुलांचा व मुलींचा ब्रास बँड आणि मुलांचा व मुलींचा पाइप बँड, म्हणजे मशकबाजाचा, असे चार गट असतात. बासरी-बिगुलांवर थांबलेल्या पथकाने तेथे उतरायचे तर पितळी वाद्यांकडे वळावे लागते, आणि मुलींसाठी तेथे दोन स्वतंत्र गट आहेत हे ज्या शाळा मुलींच्या हाती अजून केवळ झांजा देतात त्यांनी पाहावे. ज्यांना वादनातच पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी १९५० पासून लष्करी वादकांना शिक्षण देणारी पचमढीची संस्था आणि राज्य पोलीस दलातील बँड्समनची पदे आहेत. पोलीस शिपायाच्या इतर पदांना बारावी लागते, या पदासाठी दहावी पुरते, आणि निवडीत वाद्य प्रत्यक्ष वाजवून दाखवावे लागते.