रत्नागिरीला उरलेली राजकन्या

बालीत वर्ष-दोन वर्षं काढून आलेली माणसं आता आपल्याही ओळखीपाळखीत सापडतात. घर भाड्याने घ्यायचं, सकाळचा बाजार स्वतः करायचा, दारोदारी ठेवलेल्या फुलांच्या नैवेद्यावर पाय पडणार नाही असं चालायला शिकायचं, शेजारच्या देवळाच्या उत्सवाला सारोंग नेसून जायचं. परत आल्यावर ती सांगतात, आम्ही फिरायला गेलो नव्हतो, तिथे राहत होतो. कोकणातल्या होमस्टेंच्या जाहिरातींतही हल्ली हाच सूर लागतो. दोन दिवसांत कोकण बघू नका, महिनाभर या, आमच्यासारखे राहा. हे कानावर आलं की मला ब्रह्मदेशच्या थिबा राजाच्या घरातली माणसं आठवतात. परक्या मुलखात, तिथल्या सणावारांत आणि रोजच्या रहाटीत, इतका लांब मुक्काम केलेलं दुसरं कुटुंब आपल्याकडे विरळाच. मुक्काम स्वखुशीचा नव्हता, हे खरं. पण त्या घरातल्या एका बाईचा पुढे तसा झाला, आणि तिच्याचमुळे या प्रकरणाचा नाद मला इतकी वर्षं सुटलेला नाही.

थिबाची गोष्ट वाचकांना ठाऊकच असेल. 1885 च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि सव्वीस वर्षांच्या राजाला रंगूनमार्गे मद्रासला नेलं. 1886 च्या एप्रिलमध्ये त्याला आगबोटीने रत्नागिरीला उतरवलं. बरोबर दोन राण्या होत्या, थोरली सुपयालात आणि तिचीच धाकटी बहीण सुपयागले. तीन मुली बरोबर आल्या आणि चौथी पुढल्या वर्षी रत्नागिरीतच जन्मली. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना मंडाले आणि मंडालेच्या राजाला रत्नागिरी, ही अदलाबदल आपण शाळेपासून ऐकत आलोय. तिच्यातला एक धागा मात्र सहसा कुणी ओढत नाही. 1910 च्या नोव्हेंबरात राजा रत्नागिरीच्या नव्या वाड्यात राहायला गेला आणि त्याच महिन्यात तिकडे त्याच्या जुन्या राजधानीत टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहायला घेतलं.

राजाबद्दल फार गहिवरून येण्याचं कारण नाही. तो गादीवर आल्यावर 1879 मध्ये राजघराण्यातल्या ऐंशीच्या आसपास माणसांची कत्तल झाली. ती राजाने घडवली की सुपयालात आणि तिच्या आईने, यावर इतिहासकार अजून भांडतात. मेलेल्यांना त्याने काय फरक पडतो?

रत्नागिरीची निवड सरकारने मोठ्या धूर्तपणे केली. आगगाडी नाही (ती यायला आणखी शंभर वर्षं लागायची होती), मुंबईशी दळणवळण आगबोटीने आणि पावसाळ्यात तेही बंद. जूनपासून पुढचे तीनेक महिने पाठीशी सह्याद्री आणि पुढ्यात खवळलेला समुद्र. भिंत न बांधता तुरुंग तयार. या तुरुंगात राजाने तीस वर्षं काय केलं? मुख्यतः अर्ज. तनखा वाढवा, दागिने विकून खातोय, कर्ज झालंय, घर अपुरं पडतंय. चोवीस वर्षं सरकारने दिलेल्या बंगल्यात काढल्यावर भाट्याच्या खाडीकडे तोंड केलेला तो जांभ्या दगडाचा, अर्धगोल नक्षीदार खिडक्यांचा वाडा मिळाला. राजाने त्यात सहा वर्षं काढली.

या सगळ्या अर्जांत एक अर्ज मला फार बोलका वाटतो. रत्नागिरीला येऊन वर्ष उलटायच्या आत थिबाने सरकारला लिहिलं की, मंडालेच्या पाडावाच्या दिवशी इंग्रज अधिकारी कर्नल स्लेडन यांच्याकडे मी माझं जवाहीर सांभाळायला दिलं होतं, ते परत करावं. त्यात ‘ङा माउक’ हे ब्रह्मी राजांचं सर्वांत मोलाचं माणिक होतं. ज्या खाणकामगाराला ते सापडलं, त्याचंच नाव त्याला पडलेलं. स्लेडनने कानांवर हात ठेवले आणि 1890 मध्ये तो वारला. माणिक आजतागायत सापडलेलं नाही. ब्रिटिश मुकुटातलं एक लाल रत्न तेच, अशी समजूत ब्रह्मदेशात आहे. थिबा त्याच्यामागे जन्मभर लागला आणि त्याच्यानंतर रत्नागिरीत जन्मलेल्या चौथ्या मुलीने तोच हेका धरला. ब्रह्मदेशात परतल्यावर, 1930 नंतर, तिने सरकारला इतकं भंडावलं की तिची रवानगी मौलमेनला झाली. 1936 मध्ये ती तिथेच गेली. बापलेकीचं सगळं आयुष्य गमावलेल्या गोष्टीच्या पावतीत अडकलं होतं. रत्नागिरीकडे मान वळवून बघायला सवड होती कुणाला!

घराची मागची बाजू मात्र हळूहळू कोकणी होत चालली होती. मंडालेहून आलेले सेवक एकेक करत मायदेशी परतले आणि त्यांच्या जागी गावातली माणसं आली. पाणी भरणारे, स्वयंपाकघरात राबणारे, दारावरचे, सगळे इथले. ब्रह्मी दरबाराचा रिवाज म्हणजे राजापुढे जमिनीवर पालथं पडून सरपटत जायचं, आणि त्या रिवाजाच्या घरात चार मुली मराठी आणि हिंदुस्थानी बोलत वाढल्या. भात आणि सुकी मासळी दोन्हीकडची. ब्रह्मदेशातली ङापी काय नि आपला सुका जवळा काय, वासात फारसं अंतर नाही. विधी तेवढे तिकडचे उरले आणि ते पार पाडायचे तर पैसा, ब्राह्मण, मुहूर्त सगळं तिकडून यायला हवं. राजकन्यांचे कान टोचण्याचा समारंभच घ्या. ब्रह्मी राजघराण्यात हा केवढा सोहळा! मुलगी वयात येण्याआधी करायचा. आपल्याकडे सोनाराला बोलावून बारशाच्या आसपास उरकतात. या चौघींचा तो झाला नव्या वाड्यात, त्या चांगल्या मोठ्या बायका झाल्यावर. लग्नाचंही तसंच. वर राजरक्ताचाच हवा, आणि तो रत्नागिरीत कुठून यायचा? थिबाने स्वतः सावत्र बहिणींशी लग्न केलेलं, म्हणजे कसोटी किती कडक ते समजा.

1906 मध्ये थोरल्या मुलीला मूल झालं.

तिचं नाव फाया. पूर्ण बिरुदावली लांबलचक आहे, ती राहू द्या. बाळाचा बाप गोपाळ भाऊराव सावंत हा त्यांच्याच दारावरचा दरवान, आधीच लग्न झालेला, मुलंबाळं असलेला. मुलीचं नाव टूटू. राजाराणीवर आभाळ कोसळलं, तरी नात घरातच वाढली. सरकारी कागदांत हे प्रकरण ‘लांच्छन’ म्हणून येतं आणि गावगप्पांतही तसंच आलं. गोऱ्या साहेबाचं आणि आपल्या गावकऱ्यांचं इतकं एकमत दुसऱ्या कुठल्या विषयावर झालं असेल असं मला वाटत नाही.

पुढचा तंटा मेलेल्यांचा. धाकटी राणी 1912 मध्ये गेली, राजा 1916 च्या डिसेंबरात. सुपयालातने हट्ट धरला की राजाचा देह मंडालेलाच जाईल, रत्नागिरीच्या मातीत पुरू देणार नाही. शवपेटी वाड्याच्या आवारात राहिली. सरकारला भीती ही की ब्रह्मदेशात राजाची समाधी झाली तर तिथे माणसं जमतील आणि माणसं जमली की आणखी काही होईल. दोन वर्षांवर पत्रापत्री चालली. अखेर 19 मार्च 1919 रोजी राणीच्या इच्छेविरुद्ध राजा आणि धाकटी राणी यांना रत्नागिरीतच पुरलं. त्यानंतर महिन्याभरात जिवंत माणसांना रंगूनला जाऊ दिलं. राणीचा हट्ट मला वेडगळ वाटत नाही. तीस वर्षं राहूनही हे गाव आपलं नाही, एवढंच ती सांगत होती आणि तिच्यापुरतं ते खरं होतं. 1925 मध्ये ती रंगूनला वारली. तिची समाधी श्वेडगोन पॅगोड्याजवळ आहे, राजाची आपल्याकडे.

फायाही टूटूला घेऊन रंगूनला गेली होती आणि थोड्याच काळात परत आली. रत्नागिरीला, गोपाळ सावंताकडे.

या परत येण्याला इतिहासकारांनी फार जागा दिलेली नाही. रंगून विद्यापीठात इतिहास शिकवलेल्या वॉल्टर सद्गुण देसाई यांनी सरकारी दफ्तरं उपसून थिबाच्या हिंदुस्थानातल्या दिवसांवर पुस्तक लिहिलं, ते 1967 मध्ये भारतीय विद्या भवनाने काढलं. त्याच्या नावातच काळ दिलाय, 1885 ते 1916. राजा मेला, पुस्तक संपलं. 2000 मध्ये अमिताव घोष यांची ‘द ग्लास पॅलेस’ आली. तिच्यात थोरल्या राजकन्येचा प्रियकर मोहन सावंत नावाचा कोचमन आहे. कादंबरी चांगलीच आहे, पण ती इतकी वाचली गेली की हाडामासाचा दरवान मागे पडला आणि कल्पनेतला कोचमन खरा होऊन बसला. फायाला न्याय दिला तो 2012 मध्ये सुधा शाह यांनी, ‘द किंग इन एक्झाइल’ या पुस्तकात. राजाबरोबर न थांबता त्या चारही मुलींच्या आणि नातवंडांच्या मागे गेल्या, म्हणून ही बाई आपल्याला दिसली.

हिशेब करा. थिबा रत्नागिरीत तीस वर्षं होता. फाया आली तेव्हा साडेपाच वर्षांची होती आणि 3 जून 1947 रोजी इथेच वारली. रंगूनची छोटी फेरी सोडली तर साठ वर्षं, बापाच्या दुप्पट. पहिली तेहतीस वर्षं हद्दपारीची होती. नंतरची तिने मागून घेतली. घराण्यात परतीचं तिकीट मिळाल्यावर ते उलट्या दिशेने वापरणारी ही एकटीच. दुसरी बहीण बापाच्या जुन्या सचिवाशी लग्न करून पुढे कालिम्पाँगला स्थिरावली, तिसरी ब्रह्मदेशातच राहिली, चौथीचं वर आलंच आहे.

यावरून ‘प्रेमासाठी राज्य सोडलेली राजकन्या’ असं चित्र रंगवायचा मोह होतो, तो आवरावा. सोडायला राज्य नव्हतंच. सावंताचं पहिलं कुटुंब होतं आणि त्या घरातल्या बाईने काय सोसलं ते कोणत्याही पुस्तकात नाही. फायाचे पुढचे दिवस ओढगस्तीचे गेले. 1924 ते 1937 सावरकर याच गावात स्थानबद्ध होते. सहभोजनं झाली, 1931 मध्ये पतितपावन मंदिर उभं राहिलं, जातिभेदावर गाव ढवळून निघालं. त्याच गावात एक बौद्ध राजकन्या एका मराठ्याच्या मुलीची आई म्हणून राहत होती, आणि तिच्या वाट्याला कुजबुजीपलीकडे फारसं काही आलं नाही. लांबच्या मुक्कामाची गोडी गाणाऱ्यांनी ही बाजूही ऐकावी. परकं गाव पाहुण्याला जितक्या मायेने वागवतं, तितक्या मायेने घरात आलेल्या माणसाला वागवेलच असं नाही.

टूटू, लग्नानंतरची टूटू पवार, 2000 मध्ये रत्नागिरीत वारली, नव्वदी ओलांडून. राजाची नात, पण भाषा मराठी, संसार मराठी, गरिबीही अस्सल कोकणी. तिला पाहिलेली माणसं गावात आजही आहेत. 2012 च्या डिसेंबरात म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन समाधीवर डोकं टेकवून गेले. 2016 मध्ये राजाच्या मृत्यूची शंभर वर्षं झाली, तेव्हा वंशजही आले. वाडा आता राज्य संरक्षित स्मारक आहे, आत पुराणवस्तू मांडल्यात, थंडीत आवारात गाण्याच्या मैफली होतात. लोक राजाचा वाडा बघतात, खाडीचा फोटो काढतात आणि आंबा पोळी घेऊन गाडीत बसतात.

फायाबद्दल आपल्या हाती आहेत ते बहुतेक सरकारी कागद, आणि ते सरकारच्या बाजूनेच बोलतात. तिची बाजू असलीच तर रत्नागिरीतल्या घरांत असेल. एखाद्या आजीच्या बोलण्यात, जुन्या फोटोच्या पाठीवरच्या दोन ओळींत, कुणाच्या तरी ट्रंकेतल्या पत्रात. रत्नागिरीकरांनो, तुमच्याकडे असं काही असेल तर या दिवाळीच्या आवराआवरीत टाकून देऊ नका. 1828 पासून चालत आलेलं नगर वाचनालय गावात आहे. तिथे नेऊन द्या, आणि टूटूला पाहिलेलं कुणी घरात असेल तर मोबाइल समोर ठेवून त्यांना बोलतं करा.