बीएमआय सारखाच, मग धोका वेगळा का?

२००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक छोटासा लेख आला. लेखक दोन: पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. पण डेक्सा स्कॅन केल्यावर युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के!

असं कसं? बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. त्या वजनात चरबी किती आणि स्नायू किती, हे त्यात येतच नाही. डेक्सा यंत्र दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे क्ष-किरण सोडतं. हाड, चरबी आणि स्नायू ते कमीजास्त अडवतात, त्यावरून हिशेब होतो. हात, पाय, धड असा भागवार आकडाही मिळतो.

पण डेक्साचं चित्र सपाट असतं. पोटाची चरबी कातडीखालची की आत आतड्यांभोवतीची, हे त्यात थेट दिसत नाही, अंदाज बांधावा लागतो. ते नीट वेगळं करायला एमआरआय किंवा सीटी लागतो. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण आतड्यांभोवती आणि यकृतात चरबी जास्त असलेल्यांमध्ये टाइप २ मधुमेहाचं प्रमाण जास्त दिसतं. मांड्यांवरच्या चरबीचं तसं नाही.

आता 'दिसतं' या शब्दावर जरा थांबा. स्कॅन संबंध दाखवतो, कारण नाही. मग कारणाकडे कसं जायचं? लिपोडिस्ट्रॉफी या दुर्मिळ आजाराकडे बघा. त्यात कातडीखाली चरबी पुरेशी साठतच नाही. माणूस काटकुळा दिसतो, तरी चरबी यकृतात जाते आणि मधुमेह होतो. म्हणजे चरबी किती, एवढाच प्रश्न नाही. ती योग्य जागी मावते का, हाही आहे.

म्हणून प्रपोजल लिहिताना आधी प्रश्न ठरवा, यंत्र नंतर. एकूण चरबी हवी असेल तर डेक्सा पुरेसा आहे. यकृताबद्दल विधान करायचं असेल तर यकृतातलीच चरबी मोजा. नुसत्या बीएमआयवर गट पाडलेत, तर आतून चरबी साठलेला सडपातळ माणूस तुमच्या 'निरोगी' गटात जाऊन बसेल, आणि जो फरक शोधायला निघालात तोच पुसट होईल.