मोत्याची कोशिंबीर

‘कुत्र्याला गाजर? तो काय ससा आहे?’ मंडळाच्या कार्यक्रमात हा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. तीन वर्षांपूर्वी आम्हीही हेच म्हणालो असतो.

आमचा मोत्या म्हणजे पिवळा लॅब्रेडॉर. मुलीच्या हट्टापायी घरात आला आणि बघता बघता घरचाच झाला. मिशिगनच्या हिवाळ्यात आमचं फिरणं कमी होतं, त्याचं खाणं मात्र वाढतं. व्हेटकडे नेलं तर काटा ८२ पौंडांवर! ‘बारा पौंड उतरवा, नाहीतर सांधे जातील,’ डॉक्टरीणबाईंनी बजावलं. उपाय साधा होता. बिस्किटं बंद आणि त्याऐवजी कच्ची भाजी. तीसुद्धा बेताने, कारण जेवणाव्यतिरिक्तचा सगळा खाऊ मिळून दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत हवा.

आम्ही पडलो इंजिनियर, आकडे मांडून बसलो. १०० ग्रॅम काकडीत सुमारे १५ उष्मांक, तेवढ्याच गाजरात ४०, आणि तेवढ्याच बिस्किटांत सहज ३०० च्या वर. हिशेब पटला. मोत्यालाही पटला. गाजराचा ‘कुडुम कुडुम’ आवाज त्याला बिस्किटाइतकाच आवडला.

एवढ्यात आमच्या मातोश्री सांगलीहून आल्या. काकडी खाणारा कुत्रा पाहून आईला त्याची दया आली. ‘अरे, आपल्या वाड्यातला कुत्रा भाकरी-आमटी खाऊन तेरा वर्षं जगला. तुमचं अमेरिकेचं काहीतरीच!’ आम्ही हसून सोडून दिलं. चूक तिथे झाली. काय द्यायचं ते आम्ही तिला सांगितलं, काय द्यायचं नाही ते सांगितलंच नाही.

दोन आठवड्यांनी मोत्या कोपऱ्यात पडून राहिला. हिरड्या पांढुरक्या, लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. शनिवारी रात्री आपत्कालीन दवाखान्यात धावलो. ‘कांदा खाल्लाय का?’ डॉक्टरांचा पहिला प्रश्न. आम्ही ठामपणे ‘नाही’ म्हणालो. शेजारी उभी असलेली आई हळूच म्हणाली, ‘रोज दोन थालीपिठं देत होते रे त्याला. कांद्याची.’ ते वाक्य इंग्रजीत सांगताना जीभ जड झाली.

कांदा, लसूण, पात या सगळ्या कुळातल्या द्रव्यांनी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. कच्चा असो, शिजवलेला असो की पूड असो, फरक पडत नाही. वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेला तरी धोका असतो. मोत्याच्या बाबतीत म्हणजे इथला एक मोठा कांदा. रोज थोडा थोडा गेला तरी परिणाम साचत जातो, आणि लक्षणं कधीकधी काही दिवसांनी दिसतात. लसूण तर कांद्याहून तीव्र. वाड्यातल्या कुत्र्याला उरलासुरला तुकडा मिळायचा, मोत्याला रोज पंगत होती!

तो तीन दिवस दवाखान्यात होता. त्या तीन दिवसांत आईने त्याची रिकामी ताटली रोज घासून पालथी ठेवली. बोलली काहीच नाही. तो घरी आला आणि पहिल्यांदा तिच्याच पायाशी जाऊन बसला, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

तेव्हापासून आमच्या घरी आईनेच घालून दिलेला नियम आहे. कोशिंबिरीची भाजी चिरली की मीठ, दाण्याचं कूट, फोडणी पडायच्या आधी मोत्याचा वाटा बाजूला काढायचा. काकडी, गाजर, फरसबी, ढोबळी मिरची, सगळं स्वच्छ धुऊन. तुकडे लहान करायचे, कारण अधाशी कुत्रा न चावता गिळतो आणि घशात अडकतं. नवी भाजी एका वेळी एकच. ब्रोकोली अगदी थोडी, जास्त झाली तर पोट बिघडतं. शी मध्ये गाजराचे तुकडे दिसले तर घाबरू नका. कच्च्या भाजीचा चोथा त्याला नीट पचत नाही. पचावी असं वाटत असेल तर किसून किंवा वाफवून द्या. मुतखडा, मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी व्हेटला विचारा.

आणि हे कधीच नको: कांदा-लसूण, द्राक्षं, बेदाणे, कच्चा बटाटा, टोमॅटोची पानं-देठं, मक्याचं बुरकुंड (आतड्यात अडकतं). द्राक्षांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. त्यामागे टार्टारिक आम्ल असावं, असं ए.एस.पी.सी.ए.च्या विषबाधा केंद्रातल्या तज्ज्ञांनी २०२१ साली सुचवलं. हे आम्ल आपल्या चिंचेतही भरपूर असतं. म्हणजे चिंचगुळाची आमटीही बाद! या केंद्राचा फोन, ८८८-४२६-४४३५, आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. फी पडू शकते, पण रात्री-अपरात्री माणूस भेटतो.

मोत्या आता ७१ पौंडांवर आहे. आई सांगलीला परतली. दर रविवारी फोन येतो. आधी नातीची चौकशी, मग आमची. फोन ठेवता ठेवता मात्र एक प्रश्न ठरलेला: ‘मोत्याची काकडी काढलीस ना रे, फोडणीच्या आधी?’