घरगुती उड्डाण-सिम्युलेटर : उपकरणे आणि आराखडा

विमान चालविणे ही मुख्यतः हातांची कला आहे, असा एक सर्वसाधारण समज आहे. दांडा मागे ओढला की विमान वर चढते, पुढे ढकलला की खाली येते, आणि हे कौशल्य साधले की मनुष्य वैमानिक झाला, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात वैमानिकाचे पुष्कळसे काम विचाराचे आणि हिशेबाचे असते. आपण ह्या क्षणी कोठे आहोत, पुढे कोणत्या मार्गाने जावयाचे, त्यासाठी किती इंधन लागेल आणि ठरलेल्या ठिकाणी उतरता आले नाही तर काय करावयाचे, ह्या चार प्रश्नांची उत्तरे त्याला उड्डाणापूर्वी तयार ठेवावी लागतात व उड्डाण चालू असताना सतत तपासावी लागतात. घरच्या संगणकावर उड्डाणाची नक्कल करणाऱ्या आज्ञावलीला सिम्युलेटर म्हणतात. तिचे मोल ठरवितानाही हेच प्रश्न विचारले पाहिजेत. पडद्यावरील ढग किती हुबेहूब दिसतात ही गोष्ट दुय्यम आहे. चुकीच्या हिशेबाचे परिणाम तेथे खरोखर भोगावे लागतात की नाही, हे महत्त्वाचे.

लिंक यांचे यंत्र

ह्या यंत्राचा जन्मच मुळी उपकरणांसाठी झाला. अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक यांच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये हवा भरणाऱ्या भात्यांचा उपयोग करून लिंक यांनी १९२९ च्या सुमारास एक लहानसे खोटे विमान तयार केले. ते भात्यांवर डोलत असे. त्याचे झाकण लावले की शिकाऊ वैमानिकाला बाहेरचे काहीच दिसत नसे. समोरच्या तबकड्यांवर विसंबूनच त्याला ‘उड्डाण’ करावे लागे. १९३४ मध्ये अमेरिकन सेनेच्या वायुदलाकडे टपाल वाहतुकीचे काम आले आणि खराब हवामानात अनेक वैमानिक मृत्युमुखी पडले. तेव्हा कोठे ह्या यंत्राचे महत्त्व अधिकाऱ्यांना पटले.

घरगुती संगणकासाठी ब्रूस आर्टविक यांनी तयार केलेली आज्ञावली १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रथम ॲपल टू ह्या संगणकावर आली. तिचाच पुढचा अवतार मायक्रोसॉफ्टने १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील डोंगर म्हणजे काही सरळ रेषा होत्या. परंतु रेडिओ-दिक्चालनाची उपकरणे मात्र त्यातही होती. आज मायक्रोसॉफ्टची नवी आवृत्ती, एक्स-प्लेन आणि विनामूल्य मिळणारी फ्लाइटगिअर ह्या आज्ञावलींत संपूर्ण पृथ्वीचे चित्र सामावलेले असते.

काट्यामागील तत्त्व

विमानातील इलेक्ट्रॉनिक उपकरणांना एकत्रितपणे ॲव्हिऑनिक्स म्हणतात. त्यांपैकी व्हीओआर हे एक जुने परंतु अद्याप वापरात असलेले साधन उदाहरणादाखल घेऊ. जमिनीवरील केंद्र दोन संकेत प्रक्षेपित करते. त्यांपैकी एक सर्व दिशांना सारखाच असतो. दुसऱ्याची कला दिशेनुसार बदलत जाते. चुंबकीय उत्तरेच्या रेषेवर दोन्ही संकेत एकमेकांशी जुळतात. पूर्वेकडील रेषेवर त्यांच्यात ९० अंशांचा फरक पडतो. विमानातील ग्राहक हा फरक मोजतो आणि आपण केंद्राच्या कोणत्या रेषेवर आहोत ते काट्याने दाखवितो. एका केंद्रावरून फक्त एक रेषा कळते; जागा निश्चित करावयाची तर दुसऱ्या केंद्राची रेषा किंवा पहिल्या केंद्रापासूनचे अंतर लागते.

चांगल्या सिम्युलेटरमध्ये हे उपकरण खऱ्याप्रमाणेच वागते. डोंगराआड गेल्यास संकेत तुटतो. केंद्राच्या थेट वर आल्यास काटा गोंधळतो. चुकीची कंप्रता लावल्यास तो मुळीच हलत नाही. नवख्याला हा दोष वाटतो, परंतु शिकण्यासारखे जे आहे ते ह्यातच आहे.

वारा आणि इंधन

उड्डाणाच्या आराखड्यात पहिला हिशेब वाऱ्याचा असतो. समजा, एका लहान विमानाचा हवेतील वेग ताशी १२० सागरी मैल, म्हणजे १२० नॉट, आहे आणि १२० सागरी मैलांवरील गावी जावयाचे आहे. वारा नसेल तर प्रवास एका तासाचा होईल. ३० नॉटचा वारा समोरून असेल तर जमिनीवरील वेग ९० नॉट उरतो आणि तोच प्रवास ८० मिनिटांचा होतो. म्हणजे इंधन एक-तृतीयांशाने अधिक लागते. तोच वारा काटकोनात आडवा असेल, तर विमानाचे नाक सुमारे साडेचौदा अंश वाऱ्याकडे वळवून ठेवावे लागते. तसे न केल्यास तासाभरात विमान मार्गापासून ३० मैल बाजूला गेलेले असते.

त्यानंतर इंधनाची गोळाबेरीज येते : जमिनीवर फिरण्यासाठी लागणारे, प्रवासाचे, अनपेक्षित अडचणींसाठी राखलेले, पर्यायी विमानतळापर्यंत पोचविणारे, आणि जेट विमानाच्या बाबतीत सर्वांत शेवटी अर्धा तास घिरट्या घालता येतील इतके. घरी बसून खेळणारा मनुष्य बहुधा टाकी पूर्ण भरून निघतो आणि हा सारा हिशेब टाळतो. पण भरलेली टाकी म्हणजे अधिक वजन. अधिक वजन म्हणजे अधिक लांबीची धावपट्टी आणि इंधनाचा अधिक खप.

हा हिशेब चुकल्यास काय होते, हे २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाच्या बाबतीत दिसून आले. विमानातील इंधनमापक बंद होते, म्हणून टाकीतील इंधन मापनपट्टीने मोजण्यात आले. ते ७,६८२ लिटर भरले. प्रवासाला २२,३०० किलोग्रॅम हवे होते. लिटरचे किलोग्रॅम करण्यासाठी सुमारे ०.८ ने गुणावयास हवे होते, परंतु १.७७ ने गुणण्यात आले. हा आकडा लिटरचे पौंड करण्याचा होता. परिणामी जवळजवळ २०,००० लिटर भरावयाचे तेथे पाच हजारांहूनही कमी भरले गेले. विमानातील संगणकाला मात्र २२,३०० किलोग्रॅम इंधन असल्याचे सांगण्यात आले, आणि तो त्या आकड्यातून खप निमूटपणे वजा करीत राहिला. ४१,००० फुटांवर धोक्याच्या सूचना वाजू लागल्या व थोड्याच वेळात दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी विमान घसरत नेऊन गिमली येथील जुन्या हवाई तळावर उतरविले. सुदैवाने सर्व ६९ जण बचावले.

संगणकाची आज्ञाधारकता

आधुनिक प्रवासी विमानात मार्ग आखून देणारा उड्डाण-व्यवस्थापन संगणक असतो. त्यात जगभरातील मार्गबिंदू, रेडिओकेंद्रे व धावपट्ट्या यांची सूची साठविलेली असते आणि ती दर २८ दिवसांनी नवी करतात. घरगुती सिम्युलेटरसाठीही अशा सूची मिळतात. त्या घेताना नकाशे व सूची एकाच आवृत्तीचे असल्याची खात्री करून घ्यावी. नाहीतर नकाशावर असलेले केंद्र संगणकाला सापडत नाही.

सूची अद्ययावत असली तरी दक्षतेची गरज संपत नाही. २० डिसेंबर १९९५ रोजी अमेरिकन एअरलाइन्सचे बोइंग ७५७ विमान कोलंबियातील काली येथे उतरत होते. वैमानिकांना रोझो नावाच्या रेडिओकेंद्राकडे जावयाचे होते. नकाशावर त्याची खूण ‘आर’ ह्या अक्षराने होती, म्हणून संगणकात ‘आर’ हे अक्षर घालण्यात आले. पुढे आलेल्या यादीतील पहिले नाव मात्र बोगोटाजवळील रोमिओ ह्या केंद्राचे होते. तेच निवडले गेले आणि विमान रात्रीच्या अंधारात डावीकडे, डोंगरांच्या दिशेने वळले. चूक लक्षात येईपर्यंत वेळ गेली होती. विमानातील १६३ जणांपैकी केवळ चौघे वाचले.

म्हणून मार्ग भरल्यावर संगणकाने दाखविलेली प्रत्येक टप्प्याची दिशा व अंतर कागदावरील आराखड्याशी ताडून पाहण्याची सवय घरीही लावून घ्यावी. उतरण्याच्या बाबतीतही हेच करावे. दर हजार फुटांसाठी तीन सागरी मैल, असा एक ढोबळ नियम आहे. ३५,००० फुटांवरून समुद्रसपाटीला यावयाचे तर सुमारे १०५ मैल आधी उतरू लागावे. संगणक ४० मैल म्हणत असेल, तर त्याला दिलेल्या माहितीत काहीतरी चुकले आहे, हे मनात केलेल्या ह्या साध्या गुणाकारावरून कळते.

मर्यादा

घरच्या खुर्चीला विमानाचे हेलकावे नसतात. ढगात शिरल्यावर आतला कान शरीराला खोटी दिशा सांगतो आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून काट्यांवर विश्वास ठेवावा लागतो. हा झगडा पडद्यासमोर अनुभवता येत नाही. घरगुती आज्ञावलीवर घालविलेले तास वैमानिकाच्या परवान्यासाठी धरले जात नाहीत. त्यासाठी अधिकृत यंत्रणेने तपासून मान्य केलेलीच साधने लागतात. तसेच सिम्युलेटरसाठी घेतलेले नकाशे खऱ्या उड्डाणात वापरू नयेत.

परंतु हिशेब, पडताळणी आणि शंका घेण्याची सवय ह्या गोष्टी घरीही शिकता येतात. ज्याला सुरुवात करावयाची आहे त्याने प्रथम लहान विमान आणि तासाभराचा मार्ग निवडावा. वारा, वेळ व इंधन यांचे आकडे कागदावर काढावेत. उतरल्यानंतर टाकीत उरलेले इंधन आपल्या अंदाजाशी ताडून पाहावे आणि दोहोंत जो फरक पडेल त्याचे कारण शोधावे.