दाढीवाल्या सरड्याची पेटी आणि पालघरची हवा

बोईसरच्या एका शाळेत नववीतल्या एका मुलाने विचारले, "बिअर्डेड ड्रॅगन पाळायचा, तर टाकी केवढी घ्यायची?" त्याचे उत्तर एका वाक्यात देता येते. पूर्ण वाढलेल्या एका प्राण्याला निदान चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच पेटी लागते. पण लांबी चार फूटच का, हे शोधू लागलो की उष्णता, प्रकाश, आर्द्रता, जीवनसत्त्वे असे विज्ञानाच्या पुस्तकातले बरेच धडे त्या पेटीत येऊन बसतात. शिवाय पालघर-बोईसरच्या दमट हवेत ही पेटी कशी चालवायची, हा प्रश्न उरतोच.

हा प्राणी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातल्या निमओसाड प्रदेशातला. शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. चिडला की गळ्याखालची काटेरी कातडी फुगवतो आणि काळी करतो, म्हणून 'दाढीवाला'. आपल्या कुंपणावर मान हलवत बसणारा सरडा त्याच्याच, म्हणजे अ‍ॅगॅमिडी कुळातला. (याच कुळातल्या दख्खनच्या काही सरड्यांसाठी २०१६ साली 'सरडा' नावाची नवी प्रजाती निश्चित झाली. मराठी शब्द असा थेट शास्त्रीय नावात गेलेला क्वचितच पाहायला मिळतो.) सरडा हा शीतरक्ताचा प्राणी, असे आपण वर्गात सांगतो, पण उन्हात बसलेल्या या प्राण्याचे रक्त आपल्याइतकेच, सुमारे ३५-३६ अंश सेल्सिअस गरम असते. फरक एवढाच की ही उष्णता तो अन्नातून तयार करीत नाही, बाहेरून घेतो. सकाळी अंग गडद करून उन्हात पसरतो, फार तापला की तोंड उघडे ठेवून बसतो आणि मग सावलीत सरकतो. ऊन आणि सावली यांच्यातली ही ये-जा हेच त्याचे शरीराचे तापमान राखण्याचे साधन. ऊब मिळाली नाही तर खाल्लेले पचतही नाही.

पेटी लांब हवी ती याचसाठी. एका टोकाला दिवा, त्याखाली दगड किंवा जाड फांदी. तिथे पृष्ठभागाचे तापमान ३८ ते ४२ अंश. दुसऱ्या टोकाला २५ ते २८ अंश. दोन फुटांच्या पेटीत एवढा फरक राहत नाही. सगळी पेटीच तापते आणि प्राण्याला पळायला जागा उरत नाही. ऊब वरूनच द्यावी, सूर्य देतो तशी. खालून तापणारे विजेचे 'दगड' बाजारात मिळतात, ते घेऊ नयेत. त्यावर बसून प्राण्याचे पोट भाजते तरी तो उठत नाही. दिव्याला थर्मोस्टॅट हवाच. ७५ वॅटचा दिवा रोज दहा तास चालला तर महिन्याला सुमारे साडेबावीस युनिटे जळतील, हे गणित मुलांना करायला द्यावे. पालकांनाही ते आधी कळलेले बरे!

आता आपल्याकडची अडचण. या प्राण्याला ३० ते ४० टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. पालघरच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात ती ८५ टक्क्यांच्याही वर जाते. मग इथे हा प्राणी जगणारच नाही का? थोडा हिशेब करू. २८ अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २७ ग्रॅम बाष्प मावते. हवेची आर्द्रता ८५ टक्के असेल तर त्यात २३ ग्रॅम बाष्प आहे. हीच हवा पेटीत शिरून दिव्याखाली ४० अंशांपर्यंत तापली, की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ५१ ग्रॅम होते. बाष्प तेवढेच, २३ ग्रॅम. म्हणजे सापेक्ष आर्द्रता झाली जेमतेम ४५ टक्के! भर पावसात, एक थेंबही पाणी न काढता, दिव्याखालचा कोपरा जवळजवळ कोरडा झाला. संध्याकाळी दिवा मालवला की उलटा प्रवास सुरू होतो. हवा २५ अंशांपर्यंत निवली, तर त्या तापमानाला मावणारे बाष्प २३ ग्रॅमच असते. हवा पूर्ण संपृक्त होते आणि काचेवर दव दिसू लागते.

म्हणजे आपल्याकडे धोका आहे तो पावसाळ्यातल्या रात्रींचा. सतत ओल्या, कोंडलेल्या हवेत या प्राण्यांना श्वसनाचे आणि त्वचेचे संसर्ग होतात. म्हणून सगळ्या बाजूंनी काच असलेली माशांची टाकी इथे वापरू नये. तीन बाजूंना लाकूड, पुढे सरकती काच, आणि एका बाजूला खाली व दुसऱ्या बाजूला वर जाळीची भोके, अशी पेटी सुताराकडून करून घ्यावी. तापलेली हवा वरून बाहेर जाते आणि खालून नवी येते. पाण्याचे भांडे लहान आणि थंड टोकाला ठेवावे. तळाला वर्तमानपत्र किंवा फरशीचे तुकडे पुरतात. केळव्याच्या किंवा चिंचणीच्या किनाऱ्यावरची वाळू आणून 'वाळवंट' करण्याचा मोह मुलांना होतो. ती वाळू खारट असते, ओल धरते आणि लहान पिल्ले ती गिळतात. चढायला चिकूच्या वाडीतली वाळलेली फांदी उत्तम, मात्र फवारणी केलेली नको. घासून धुऊन कडक उन्हात वाळवावी.

मे महिन्यात गोष्ट उलटी. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ३५ अंश झाले, तर पेटीतले थंड टोकच नाहीसे होते. अशा वेळी दिवा फक्त सकाळी लावावा, पेटी घरातल्या सर्वांत गार खोलीत जमिनीवर ठेवावी. शेजारी अणुवीज केंद्र असले म्हणून पावसाळ्यात वीज जात नाही असे नाही. पण दोन-चार तास दिवा बंद राहिल्याने इथल्या उबदार हवेत मोठेसे बिघडत नाही. थर्मोस्टॅट बिघडून दिवा चालूच राहिला, तर मात्र प्राणी भाजून मरतो.

दिवा ऊब देतो. अतिनील किरण वेगळे द्यावे लागतात आणि नेमके तेच बहुतेक ठिकाणी विसरले जाते. २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांनी त्वचेतल्या एका द्रव्यापासून ड जीवनसत्त्वाचा पूर्वद्रव्य तयार होतो आणि शरीराच्या उबेने त्याचे ड-३ जीवनसत्त्व होते. ते नसेल तर खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, शेवटी प्राणी उठूही शकत नाही. मुलांना होणाऱ्या मुडदुसाचाच हा भाऊ. तोंडाने ड-३ दिले तर चालेल का? २०१० साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी पिल्लांवर हेच तपासले. अतिनील दिव्याखाली वाढलेल्यांच्या रक्तातली ड जीवनसत्त्वाची पातळी केवळ तोंडाने ड-३ दिलेल्यांच्या कितीतरी पट निघाली.

खिडकीतून येणाऱ्या उन्हाचा याबाबतीत उपयोग नाही, कारण साधी काच हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते. घरातल्या ट्यूबलाइटमध्येही पाऱ्याच्या वाफेतून अतिनील किरण निघतात, पण आतला लेप त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो आणि उरलेले काच अडवते. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीच्या नळ्यांची काच आणि लेप वेगळे असतात. त्यांचे अतिनील किरण वर्षभरात बरेच क्षीण होतात. डोळ्यांना नळी पूर्वीसारखीच उजळ दिसते, म्हणून लावल्याची तारीख नळीवर लिहून ठेवावी. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातली अतिनील नळी मात्र चुकूनही लावू नये. तिचे २५४ नॅनोमीटरचे किरण प्राण्याचे आणि आपलेही डोळे जाळतात.

पावसाळा सोडून आपल्याकडे फुकट उपाय आहेच. सकाळी आपली सावली आपल्या उंचीहून लांब असते तेव्हाचे ऊन सौम्य असते. त्यात तारेच्या पिंजऱ्यात, अर्धा भाग सावलीत ठेवून, प्राण्याला वीस-तीस मिनिटे बसवावे. काचेची पेटी मात्र उन्हात कधीच नेऊ नये. काही मिनिटांत आतली हवा जीवघेणी तापते.

खाण्याबद्दल थोडक्यात. पिल्ले मुख्यतः किडे खातात, मोठे झाल्यावर पाला अधिक. शेवग्याचा पाला, भोपळा चालतो. पालक रोज नको, त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून टाकते. किड्यांवर कॅल्शियम कार्बोनेटची पूड भुरभुरावी. स्वयंपाकघरातली झुरळे देऊ नयेत, ती औषध मारलेल्या घरातून आलेली असू शकतात. जव्हारकडे पावसाच्या तोंडाशी झाडे काजव्यांनी लखलखतात, पण काजवे कधीही देऊ नयेत. काजवा खाऊन हे प्राणी मेल्याच्या नोंदी अमेरिकेत आहेत.

ऑस्ट्रेलिया आपले जिवंत सरपटणारे प्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही. बंदिवासात जन्मल्याची कागदपत्रे विक्रेता देत नसेल तर प्राणी घेऊ नये, आणि घेण्यापूर्वी वन विभागाकडे चौकशी करावी. आपली घोरपड किंवा तारांकित कासव पाळणे हा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हाच आहे. हा सरडा आठ-दहा वर्षे जगतो. दहावीनंतर मुलगा शिकायला बाहेर गेला तर दिव्याकडे कोण पाहणार, हे आधी ठरायला हवे. नकोसा झाला म्हणून रानात सोडणे हा मार्ग नाही.

शाळेसाठी माझी सूचना वेगळी आहे. पेटी करा, दिवा लावा, पण प्राणी आणू नका. दोन्ही टोकांना दोन-दोन तापमापके ठेवा, त्यांतल्या एकेकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा. महिनाभर सकाळी सात, दुपारी एक आणि सायंकाळी सहा वाजता मुलांनी नोंदी घ्याव्यात. कोरड्या व ओल्या तापमापकांतल्या फरकावरून तक्त्याच्या साहाय्याने आर्द्रता काढावी. जून उजाडला की वर केलेला हिशेब पडताळून पाहता येईल. त्याच वेळांना दुसऱ्या गटाने कुंपणावरचा सरडा कुठे बसला आहे, उन्हात की सावलीत, रंग गडद की फिकट, एवढेच वहीत लिहावे.