बिनतारी पहारा आणि घरचा राऊटर

व्यापाऱ्याचे घर व त्याची पेढी यांच्या रक्षणाचा प्रश्न नवा नाही. पूर्वी दाराला अडसर असे, तिजोरीला दुहेरी किल्ली असे, आणि रात्री माडीवर निजणारा एखादा विश्वासू गुमास्ता असे. आज अडसराची जागा लोखंडी शटरने आणि गुमास्त्याची जागा भिंतीवरील कॅमेऱ्याने घेतली आहे. कुटुंब लग्नकार्यास अथवा यात्रेस परगावी गेले असता खिशातील मोबाईलवर घराचे अंगण पाहता यावे, ही सोय खरोखरच मोठी आहे. तथापि पुष्कळ घरी असे आढळते की, नेमक्या हव्या त्या वेळी पडद्यावर ‘जोडणी नाही’ एवढीच अक्षरे उमटतात. मग दोष कॅमेऱ्यावर येतो, तो बदलला जातो, आणि नवा कॅमेराही महिन्याभरात तीच अक्षरे दाखवू लागतो. कारण उणीव बहुधा कॅमेऱ्यात नसून कपाटाच्या मागे धूळ खात पडलेल्या राऊटरमध्ये असते. हा राऊटर कसा निवडावा व कसा वापरावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

राऊटर म्हणजे घरातील टपाल कचेरी होय. घरातील प्रत्येक उपकरणाचा संदेश तिच्याकडे येतो, आणि तेथून तो बाहेर इंटरनेटकडे अथवा घरातल्याच दुसऱ्या उपकरणाकडे रवाना होतो. मोबाईल किंवा दूरदर्शन संच प्रामुख्याने बाहेरून घेणारे आहेत. कॅमेरा मात्र सदैव पाठविणारा आहे. हा भेद ध्यानी न घेतल्यामुळेच निवडीत चूक होते. इंटरनेटची योजना घेताना आपण उतरत्या मालाचा वेग पाहतो. कॅमेऱ्यास चढत्या मालाचा वेग लागतो. काही जोडण्यांत हा चढता वेग उतरत्या वेगाच्या मानाने बराच कमी असतो, म्हणून पुरवठादारास तो निराळा विचारून घ्यावा.

हिशेब आधी, खरेदी मागून

व्यापाऱ्यास आकड्यांची भाषा सांगावयास नको. सर्वसाधारण स्पष्टतेचा, म्हणजे १०८० ओळींचा कॅमेरा दर सेकंदास सुमारे २ मेगाबिट एवढा माल पाठवितो असे धरू. आठ बिटांचा एक बाईट होतो. दिवसाची ८६,४०० सेकंदे घेतली तर एका कॅमेऱ्याचा दिवसाचा माल सुमारे २१.६ गिगाबाईट भरतो. चार कॅमेरे अखंड चालले तर दिवसास ८६ आणि ३० दिवसांस सुमारे २,६०० गिगाबाईट होतात. हा सारा माल परक्या संगणकावर, ज्यास हल्ली ‘क्लाऊड’ म्हणतात तेथे, पाठवावयाचा झाल्यास महिन्याची मर्यादा केवढी आहे हे आधी पाहिलेच पाहिजे. ‘अमर्याद’ म्हणविणाऱ्या कित्येक योजनांच्या अटीतही अशी मर्यादा लिहिलेली असते.

याला तोड अशी की, कॅमेऱ्याच्या पोटातील कार्डावर अथवा घरातील मुद्रण यंत्रावर अखंड चित्रण साठवावे, आणि हालचाल झाली तेवढाच तुकडा बाहेर पाठवावा. वरील हिशेबाने १२८ गिगाबाईटचे कार्ड एका कॅमेऱ्यास पाच-सहा दिवस पुरते. त्यानंतर जुने पुसून नवे लिहिले जाते. यात दुसराही लाभ आहे. बाहेरची जोडणी तुटली तरी घरातली नोंद चालू राहते. रोजमेळ जसा पेढीवरच असावा, तशी मूळ नोंद घरातच असावी.

दोन पट्टे आणि जांभ्याची भिंत

राऊटरच्या बिनतारी लहरी मुख्यत्वे दोन पट्ट्यांत चालतात. एक २.४ गिगाहर्ट्झचा, दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. पहिल्या पट्ट्याची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब असून ती भिंतीतून अधिक सहजपणे पार होते. दुसरीची लांबी तिच्या निम्म्याहून कमी, वेग अधिक, परंतु जाड भिंतीपुढे ती लवकर थकते. स्वस्त व मध्यम किमतीचे बहुतेक बिनतारी कॅमेरे केवळ पहिल्याच पट्ट्यावर बोलतात. तेव्हा राऊटर घेताना ५ गिगाहर्ट्झच्या आकड्यांची भूल पडू न देता पहिला पट्टा भक्कम आहे की नाही, हे आधी पाहावे.

आपल्या घरांची बांधणी येथे फार महत्त्वाची ठरते. बेळगाव व गोवा या भागांत जांभ्या दगडाच्या जाड भिंती आहेत, ग्वाल्हेरकडे वालुकाश्माच्या आहेत. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात पाणी शोषतो, आणि पाणी हे या लहरींचे भक्षक आहे. उन्हाळ्यात सुरळीत चालणारा परसदारचा कॅमेरा श्रावणात रुसतो, त्याचे एक कारण हे असू शकते. लोखंडी शटर, पत्र्याचे छप्पर, मोठा आरसा, पाण्याची टाकी, पोलादी कपाट ही सारी लहरींच्या वाटेवरील नाकी आहेत.

आणखी एक अडचण गर्दीची. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ साली परवानामुक्त झाला. त्यामुळे तो सर्वांचा, आणि म्हणूनच गजबजलेला आहे. त्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा अवघ्या तीन, १, ६ व ११. पेठेतील लागून असलेल्या दहा घरांचे दहा राऊटर याच तीन वाटांवर धावतात. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यात काम करते, म्हणून ती चालू असताना जवळचा कॅमेरा अडखळतो. मोबाईलवरील साध्या उपयोजनाने कोणती वाट मोकळी आहे हे पाहावे आणि राऊटर त्या वाटेवर स्थिर करावा. पट्ट्याची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. रुंदी वाढविल्यास शेजाऱ्याशी टक्कर वाढते, लाभ होत नाही.

पेटीवरील मोठे आकडे

राऊटरच्या पेटीवर ‘एएक्स ३०००’ अशी मोठी अक्षरे असतात. हा आकडा घाऊक बेरजेचा आहे. दोन्ही पट्ट्यांचे कागदोपत्री कमाल वेग, ५७४ आणि २,४०२, एकत्र करून तो छापलेला असतो. एका अँटेनाचा साधा कॅमेरा पहिल्या पट्ट्यावर फार तर ७२ मेगाबिटांच्या करारावर बोलतो, आणि प्रत्यक्षात पदरी पडते ते त्याहून बरेच कमी. म्हणून या आकड्यासाठी जादा दाम मोजण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

मग दाम कशासाठी मोजावे? पहिली गोष्ट, एकाच वेळी पंचवीस-तीस उपकरणे न गडबडता सांभाळण्याची ताकद. दुसरी, बनविणाऱ्याकडून सुरक्षिततेच्या सुधारणा नियमितपणे व काही वर्षे मिळण्याची हमी. ज्या नमुन्याच्या सुधारणा बंद झाल्या तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. तिसरी, पाहुण्यांसाठी अथवा उपकरणांसाठी वेगळे जाळे निर्माण करण्याची सोय. चौथी, दोन्ही पट्ट्यांस निरनिराळी नावे देण्याची मुभा. कारण एकच नाव असता कित्येक साधे कॅमेरे प्रथम जोडणीच्या वेळीच गोंधळतात. पाचवी, तार जोडण्यासाठी पुरेशी छिद्रे.

घर मोठे असेल तर एकच शक्तिमान राऊटर घेण्यापेक्षा दोन-तीन खांबी जाळे, ज्यास ‘मेश’ म्हणतात, ते बरे. मात्र त्या खांबांना शक्य तेथे तारेने जोडावे. ऐकलेला संदेश त्याच लहरींवर पुन्हा ओरडून सांगणारा स्वस्त ‘विस्तारक’ सुमारे निम्मा वेग खाऊन टाकतो. शिवाय लांबचा, क्षीण आवाजाचा कॅमेरा आपले बोलणे संपविण्यास अधिक वेळ घेतो आणि तेवढा वेळ बाकीच्या उपकरणांस थांबावे लागते. एका दुर्बळ कॅमेऱ्यामुळे साऱ्या घराची गती मंदावते ती अशी. कॅमेऱ्याच्या जागी मोबाईलने लहरींचे बळ मोजावे. उणे ६० च्या आसपास उत्तम, उणे ७० ला धोका सुरू, उणे ८० ला भरवसा संपला.

कुंपणच शेत खाऊ लागले तर

आता सर्वांत गंभीर भाग. कॅमेरा आपण चोरावर नजर ठेवण्यासाठी लावतो. त्याच कॅमेऱ्यातून परका मनुष्य आपले माजघर पाहू लागला तर कुंपणच शेत खाऊ लागले असे होईल. ही भीती काल्पनिक नाही. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक कार्यक्रमाने जगभरातील लक्षावधी कॅमेरे व राऊटर ताब्यात घेतले. त्याची युक्ती अगदी साधी होती. कारखान्यातून आलेला ठरीव नाव-शब्द मालकाने बदललेला नसतो, हे हेरून साठ-एक ठरीव जोड्या तो एकामागून एक लावून पाही. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या उपकरणांच्या फौजेने डिन या अमेरिकी कंपनीवर हल्ला चढविला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी स्थळे काही तास अनेकांस दिसेनाशी झाली. ज्यांच्या घरचे कॅमेरे या कामी राबले, त्यांतील पुष्कळांना त्याचा पत्ताही लागला नाही.

यावरून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. राऊटर व कॅमेरा यांचे ठरीव परवलीचे शब्द पहिल्याच दिवशी बदलावे, दोहोंचे शब्द निरनिराळे ठेवावे, आणि ते दुकानाच्या नावावरून अथवा दूरध्वनी क्रमांकावरून करू नयेत. बिनतारी संरक्षणाची पद्धत किमान ‘डब्ल्यूपीए २’ असावी. २०१८ साली आलेली ‘डब्ल्यूपीए ३’ मिळाल्यास अधिक चांगली. कारण उपकरणास खोटा निरोप पाठवून त्याची जोडणी तोडण्याची जी युक्ती आहे, तिच्यापासूनचे संरक्षण या नव्या पद्धतीत सक्तीचे आहे. जुने कॅमेरे तिच्याशी जुळत नसतील तर त्यांच्यापुरते दुसऱ्या पद्धतीचे वेगळे जाळे ठेवावे.

राऊटरवर ‘डब्ल्यूपीएस’ नावाची कळ असते. तिच्या आठ अंकी क्रमांकाची तपासणी दोन तुकड्यांत होत असल्यामुळे कोट्यवधी प्रयत्नांचे काम अवघ्या ११,००० प्रयत्नांत आटोपते, हे २०११ साली उघड झाले. ही सोय बंदच ठेवावी. बाहेरून थेट आत येण्याची दारे आपोआप उघडणारी ‘यूपीएनपी’ ही सोयही बंद करावी. कॅमेरे वेगळ्या जाळ्यावर ठेवावे, म्हणजे एखादा फितूर झाला तरी तो हिशेबाच्या संगणकापर्यंत पोहोचणार नाही. पाहुण्यांच्या जाळ्यात उपकरणे एकमेकांस दिसत नाहीत, म्हणून घरात मुद्रण यंत्र असेल तर ते कॅमेऱ्यांबरोबर कसे जोडावे हे जाणकारास विचारून ठरवावे. भारतात ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या विक्रीस सुरक्षिततेच्या आवश्यक अटींची चाचणी बंधनकारक झाली आहे. खरेदीच्या वेळी त्या प्रमाणपत्राची पृच्छा अवश्य करावी.

वीज, तार आणि मर्यादा

वीज गेली की पहारा गेला, असे होता कामा नये. राऊटर बहुधा १२ व्होल्टवर चालतो व फार थोडी वीज खातो. त्याच्यासाठी मिळणारी लहान बॅटरी काही तास त्यास जागे ठेवते. मात्र काचतंतूची पेटी निराळी असेल तर तिलाही त्याच बॅटरीचा आधार हवा, आणि कॅमेऱ्यासही. तिघांपैकी एक निजला तरी साखळी तुटते.

बिनतारी व्यवस्थेची एक मर्यादा मोकळेपणाने सांगितली पाहिजे. लहरींत मुद्दाम गोंगाट माजवून कोणताही राऊटर बहिरा करता येतो. त्यावर महागड्या राऊटरचाही उपाय चालत नाही. यास्तव मुख्य दरवाजा व तिजोरीची खोली येथील कॅमेरे तारेनेच जोडावे. वीज व चित्र एकाच तारेतून नेणारी पद्धत १०० मीटरपर्यंत चालते. परसदार, गच्ची, गोठा या ठिकाणी बिनतारी कॅमेरे चालतील.

शेवटी एक घरगुती गोष्ट. कॅमेऱ्याची नजर दारावर असावी, माणसांवर नव्हे. शयनगृह, स्नानगृह व स्वयंपाकघर यांकडे तो वळवू नये, आणि पेढीवरील नोकरांस त्याची कल्पना दिलेली असावी. ज्या घरात विश्वास उरला नाही, त्यास कोणताही राऊटर सुरक्षित करू शकत नाही.

बैल गेला नि झोपा केला, अशी म्हण आपल्याकडे आहे. चोरी झाल्यानंतर नोंद शोधावयास बसण्यापेक्षा या आठवड्यात एक संध्याकाळ काढावी. घराचा मुख्य वीजबटण दहा मिनिटे बंद करून काय चालू राहते ते पाहावे. परसदारी उभे राहून लहरींचे बळ मोजावे. आठ दिवसांपूर्वीची नोंद काढून दिसते का ते तपासावे. आणि परवलीचे शब्द बदलावे. या चार परीक्षांत जेथे उणे निघेल, तेथेच पैसा खर्च करावा. तोच खर्च सत्कारणी लागेल.